धोंड्याचा महिना आम्ही मोजला नाही

आमच्या घराच्या उगवतीच्या भिंतीला लागून चर खणायला सुरुवात झाली, तेव्हा मी आत भाकरी करत होते. आधी वाटलं, बाहेर कुणीतरी उखळात काहीतरी कुटतंय. मग घागरीतलं पाणी थरथरताना दिसलं. एक दणका, की पाण्यावर एक गोल उठायचा आणि काठाला जाऊन विरायचा. भाकरी करपली तरी मी त्या पाण्याकडंच बघत होते.

घर माळवदाचं. दगड आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, त्यांच्यावर आडव्या तुळया आणि तुळयांवर मातीचा हातभर जाड थर. मोठ्या दुष्काळात आम्ही दोघं खडी फोडायच्या कामावर लांब होतो. तेव्हा घर बंद राहिलं आणि उगवतीची भिंत अर्धी ढासळली. परत आल्यावर ती आम्हीच उभी केली. मी माती तुडवली, मालकांनी दगड लावले. गवंड्याचा हात नव्हता, म्हणून ती भिंत थोडी पोटात सुटलेली होती. पण सगळ्या तुळयांची एक टोकं तिच्यावरच टेकलेली होती. तिच्या कडेला सासूबाईंची बाज होती आणि बाजेखाली गारव्याला माझ्या दोन मुली झोपायच्या.

चर खणत होते ते शेजारचे सोसायटीचे चेअरमन. गावातलं खत, बी, कंट्रोलची साखर आणि रॉकेल, सगळं सोसायटीच्या दुकानातून मिळायचं आणि दुकानाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. त्यांना खताची पोती ठेवायला गोदाम बांधायचं होतं. ग्रामपंचायतीनं परवानगी देताना आमच्या भिंतीपासून तीन फूट सोडून पाया खणा म्हणून लिहून दिलं होतं. त्यांनी तीन बोटंही सोडली नाहीत. चर माझ्या कमरेइतका खोल गेला आणि आमच्या भिंतीच्या पायाचे दगड खालून उघडे पडले. वरून बघितलं की दात दिसावेत तसे दिसायचे.

माझे मालक साखर कारखान्यावर वॉचमन होते. दोन ठिकाणी एस.टी. बदलून यावं लागायचं, म्हणून महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पंच आले, चरात वाकून बघितलं आणि चेअरमनच्या ओट्यावर चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी खणणं बंद झालं. मला वाटलं, मिटलं. पण चर तसाच उघडा राहिला. ना गोदाम, ना भर.

येरमाळ्याच्या यात्रेहून येऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या शिपायानं एक कागद आणून दिला आणि वहीत माझी सही घेतली. मी चौथी शिकलेली, त्यामुळं वाचता येत होतं. बांधकाम सध्या बंद असल्यामुळं कारवाईची गरज वाटत नाही, असं त्यात होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या निर्णयाबद्दल तक्रार असल्यास कागद मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत तालुक्याच्या ऑफिसात करावी, नंतर आलेल्या तक्रारीचा विचार होणार नाही.

मालक सुट्टीवर आले तेव्हा मी कागद दाखवला. त्यांनी तिथंच बसून पाठपोट अर्ज लिहिला, खाली सही केली आणि तारखेची जागा मोकळी ठेवली.

“रविवार हाय, ऑफिस बंद. उद्या माझी ड्यूटी,” ते म्हणाले. “तू जा. तारीख तिथं गेल्यावर घाल. हातोहात दे अन् शिक्का मारलेली नक्कल घेऊन ये. पोस्टानं टाकू नकोस, मिळाला न्हाय म्हणत्याल.”

“मी?” एवढंच मी म्हणाले.

“मग कोण? आईला वाचता येत न्हाय.”

मी मान हलवली. मला नाही म्हणता आलं नाही, आणि हो म्हणून जाताही येईना. बाजारात भाव विचारायला मला लाज वाटायची. चारचौघांत कुणी नाव घेऊन हाक मारली तर मी दुसऱ्या कुणाच्या मागं सरकायची. तालुक्याचं ऑफिस मी बाहेरूनच बघितलं होतं. पायऱ्यांवर टोप्या आणि धोतरं बसलेली असायची, बाई एकही दिसायची नाही. त्या पायऱ्या मी मनात रोज चढायची आणि रोज अर्ध्यावरून परतायची.

पहिल्या आठवड्यात धाकटीला ताप आला. पुढच्या आठवड्यात विहिरीनं तळ गाठला आणि पाणी मैलभरावरून आणायची वेळ आली. कारणं खोटी नव्हती. पण कारण मिळालं की मला बरं वाटायचं, हेही तितकंच खरं. अर्ज पत्र्याच्या पेटीत मुलींच्या परकरांखाली होता. एक दिवस मी केस विंचरून, नवं लुगडं नेसून फाट्यापर्यंत गेले. एस.टी. आली, थांबली. आत चेअरमनचा मेहुणा खिडकीशी बसलेला दिसला. मी चढलेच नाही. कंडक्टर ओरडला, “बाई, यायचंय का नुसतं बघायचंय?” आतली माणसं हसली. मी परत आले आणि गाडी चुकली म्हणून सांगितलं.

दरम्यान भिंतीला भेग पडली होती. वरच्या तुळईपासून निघून खाली बाजेच्या डोक्याकडं आलेली, सुतळीएवढी. मी तिच्यावर आडवं मातीचं बोट ओढलं. वाळलेली माती तडकली तर भेग वाढतीय, असं माझ्या वडिलांनी एकदा विहिरीच्या कठड्याला करून दाखवलं होतं. तिसऱ्या दिवशी ते बोट मधोमध तुटलेलं होतं. मी पुन्हा ओढलं, ते पुन्हा तुटलं. सासूबाईंना मी काही बोलले नाही, पण त्यांनीच बघितलं.

“रांगोळी काढतीस का गं भितीवर?” त्या म्हणाल्या.

“भेग बघतीय, आत्या.”

“बघून बुजती व्हय? अर्ज दे की तेवढा.”

“जाते या आठवड्यात.”

आणि त्याच आठवड्यात धोंड्याचा महिना लागला. त्या वर्षी ज्येष्ठ दोन होते, पहिला अधिक. सासूबाई म्हणाल्या, “आता ऱ्हाऊ दे. धोंड्यात नवं काम काढायचं न्हाय. संपल्यावर जा.”

मी विचारलं, “पण मुदत?”

“कसली मुदत?”

“दोन महिन्यांची. त्यात हा महिना गेला तर?”

सासूबाई गव्हातले खडे वेचत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. “तो मैना उपरा. उपऱ्याला कोण मोजतंय? लगीन न्हाय, वास्तुक न्हाय, नवं व्रत न्हाय. वैशाखाचा एक अन् खऱ्या ज्येष्ठाचा एक, झालं दोन. आन् सरकारी मान्सं बी मान्संच की. त्यांच्या घरी बी धोंडा आसतोच.”

मी चौथी शिकलेली होते. कागदावर इंग्रजी महिन्यातली तारीख होती आणि माझ्या सहीखालीही तीच होती. पण आमच्या घरात कुणीच त्या तारखांनी जगत नव्हतं. बाळंतीण किती दिवसांची झाली, म्हैस कधी विणार, पाहुणे कधी येऊन गेले, सगळं आम्ही तिथीनं धरायचो. धोंडा मोजायचा नाही हे लहानपणापासून कानावर होतं. मला ते पटलं. आज वाटतं, पटवून घ्यायची घाई मलाच जास्त होती. आणखी एक महिना त्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या.

मालकांचं कार्ड आलं, अर्ज दिला का म्हणून. मी उलट कार्ड लिहिलं की धोंडा चालू आहे, संपला की जाते, मुदत आहे अजून. कारखान्यावर माणसं कमी म्हणून त्या महिन्यात त्यांना सुट्टीही मिळाली नाही.

धोंडा संपता संपता मी रॉकेल आणायला सोसायटीच्या दुकानात गेले. रांगेत पाच-सहा बाया होत्या. चेअरमन स्वतः मापानं ओतून देत होते. माझा नंबर आला तसे ते थांबले.

“काय वैनी, भिंत हाय का अजून?”

मी पदर ओढून खाली बघत उभी राहिले.

“न्हाय, अर्जबिर्ज चाललेत म्हणं तालुक्याला. म्हटलं, पडली का काय.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “आरं ओत की गड्या, तुझ्या भाषणावर आमची चिमणी पेटायची न्हाय.” सगळ्या हसल्या, तेही हसले आणि त्यांनी ओतलं. माप नेहमीपेक्षा कमी होतं. ते डब्याच्या आवाजावरून मला कळलं, पण मी डबा उचलून निघाले. आज रॉकेल आखडलं, उद्या साखर बंद होईल. परवा चरात पाणी सोडलं तर विचारणार कोण?

निजाचा, म्हणजे खरा ज्येष्ठ लागला आणि पाऊस आला. फार नव्हता, सरी यायच्या आणि जायच्या. पण चरात पाणी साठलं. उघडे पडलेले पायाचे दगड पाण्यात बुडाले आणि त्यांच्यामधली माती दुधासारखी पांढरी होऊन पाण्यात उतरायला लागली. मी सकाळ-संध्याकाळ पातेल्यानं चर उपसायची. चेअरमनचा गडी काठावर उभा राहून म्हणायचा, “दुसऱ्याच्या जागेतलं पाणी चोरतीस व्हय गं?” भेगेत आता माझं बोट जात होतं.

वटपौर्णिमा झाली. आमच्या हिशोबानं अजून पंधरा दिवस हातात होते. सोमवारी मी एस.टी.त चढले. कुणीही ओळखीचं असलं तरी चढायचंच, असं ठरवून डोळे मिटूनच चढले.

ऑफिसात एका शिपायानं मला तीन टेबलं फिरवली. शेवटच्या टेबलाशी एक कारकून बसला होता. तरुण, चष्म्याचा, नव्या कोऱ्या सदऱ्यातला. त्यानं अर्ज वाचला, मग ग्रामपंचायतीचा कागद वाचला, मग मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बोटानं मोजलं.

“बाई, मुदत संपली.”

मला वाटलं, तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय.

“बारा दिवस झाले संपून,” तो म्हणाला. “इतके दिवस काय करत होता?”

मग मी म्हणाले, “धोंडा होता.”

“काय?”

“धोंड्याचा महिना. तो धरायचा नसतो ना.”

शेजारच्या टेबलावरचा म्हातारा कारकून मोठ्यानं हसला. हा हसला नाही. त्यानं सदऱ्याची बाही चिमटीत धरून दाखवली. “हा सासऱ्यानं धोंड्यालाच दिलाय. जेवून पण आलो. पण म्हणून मी त्या महिन्याचा पगार सोडला का? तुम्हीच सांगा.”

मी तिथंच खाली बसले. बसायचं असतं की नसतं हे ठाऊक नव्हतं. मी भेगेचं सांगितलं, चरातल्या पाण्याचं सांगितलं, भिंतीखाली मुली झोपतात हेही सांगितलं. एवढं मी परक्या पुरुषासमोर आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्यानं कागद परत माझ्याकडं सरकवला.

“मी घेतला तरी साहेब वरच्या वर परत करतील. त्या निर्णयावर आता काही होत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पुढं काही नवीन घडलं, म्हणजे त्यांनी पुन्हा खणलं, किंवा समजा तुमची भिंत पडली, तर तो नवा प्रकार. त्याची मुदत त्या दिवसापासून नव्यानं. तेव्हा मात्र थांबू नका. लगेच या.”

परतीच्या गाडीत हे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. भिंत पडली तर अर्ज घेतील, आणि उभी आहे तोवर घेणार नाहीत.

घरी मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझंच चुकलं.” मी म्हणाले, “मलाच भ्या वाटत होतं, आत्या.” त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की त्यांना हे आधीपासून ठाऊक असावं. मालकांना मी कार्ड टाकलं. पुढच्या खेपेला आल्यावर ते एवढंच म्हणाले, “मला वाटलं, तू तारीख बघितली आसशील.” रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी दोन जाड बल्ल्या आणून आतून तुळईला टेकू दिले. आम्ही बाज आणि अंथरुणं मावळतीच्या भिंतीकडं हलवली. मुलींना मी सांगितलं की खोलीच्या मध्ये दाव्याची रेघ टाकलीय, तिच्यापलीकडं जायचं नाही. थोरली विचारायची, “पलीकडं काय हाय?” धाकटी सांगायची, “बागुलबुवा.” चुलीवर दूध असलं तरी माझा एक कान भिंतीकडं असायचा. भिंत बोलते, हे मला तेव्हा कळलं. पाऊस थांबल्यावर तासाभरानं आतून खडा घरंगळल्यासारखा आवाज यायचा, मग थोडी माती सांडल्याचा. मुली झोपल्या की सासूबाई आणि मी एकमेकींकडं बघायचो आणि बोलायचो मात्र भलतंच, शेजारणीच्या सुनेचं नाहीतर शेळीचं.

आषाढात सलग तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडीप मिळाली म्हणून मी मुलींना घेऊन अंगणात धुणं पिळत होते. सासूबाई डाळ काढायला घरात गेल्या होत्या. डाळीचा डेरा दाव्याच्या पलीकडं राहिला होता. हलवू हलवू म्हणून तो राहूनच गेला होता.

आधी बल्ली मोडल्याचा आवाज आला. मग माळवद बसलं. दारातून धुळीचा लोट बाहेर आला, ओल्या दिवसातही एवढी धूळ कुठून आली कोण जाणे.

आणि त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते मला लिहायचं आहे. मनात आलं, आता अर्ज घेतील. हे एवढं वाक्य अगदी स्पष्ट, त्या कारकुनाच्या आवाजात आलं. आजपासून मुदत. आणि त्यानंतर, किती वेळानं ते देवाला ठाऊक, मला आठवलं की सासूबाई आत आहेत.

मग मी ओरडले. धावत आत गेले आणि हातांनी माती उपसायला लागले. नखं निघाली ते नंतर कळलं. शेजारपाजारचे आले, चेअरमनचा तो गडीही आला आणि सगळ्यांच्या आधी त्यानंच तुळई खांद्यावर घेतली. मी आत्या आत्या म्हणून ओरडत होते, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, “अगं, मी हितं हाय.” त्यांच्या हातात डाळीचं पातेलं होतं. डाळ घेऊन त्या मागच्या दारानं परड्यात शेळीला बघायला गेल्या होत्या. त्यांच्या केसांवर पांढरी माती बसली होती. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. सासूबाईंनीच मला सकाळच्या गाडीला घातलं. कारकुनानं मागचंपुढचं काही न विचारता अर्ज लिहून दिला, मी सही केली, त्यानं शिक्का मारला. तलाठी आणि पंच येऊन पंचनामा झाला. चेअरमनना चर बुजवावा लागला, तीन फूट मागं सरावं लागलं आणि आमच्या भिंतीचा पाया दगडात भरून द्यावा लागला. दिवाळीच्या आत भिंत उभी राहिली. रॉकेल पुढं दोन वर्षं आखडून मिळालं, पण मिळालं.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. घरी कुणीही आलं, सोयरे असोत की बांगड्या भरायला आलेली कासारीण असो, त्या हा प्रसंग सांगायच्याच. “लेक करणार न्हाय आसं सुनेनं केलं. माळवद बसलं का बसलं, क्षणाचा इचार केला न्हाय. नुसत्या हातानं माती उकरली माझ्यासाठी. बघा तिची नखं, अजून वाकडी हायत.” मग त्या माझा हात धरून सगळ्यांना दाखवायच्या. मी मान खाली घालून बसायची. लोकांना वाटायचं, मी लाजतेय.